या वयात मुरूम? कदाचित तो रोझेशिया असेल

पस्तिशी-चाळिशीच्या आसपास गालांवर आणि नाकावर पुटकुळ्या उठायला लागल्या की घरातले, मैत्रिणी आणि आपण स्वतः एकाच निष्कर्षाला येतो: या वयात मुरूम! मग मुरुमांचा फेसवॉश येतो, दाणेदार स्क्रब येतो, झोंबणारा टोनर येतो, आणि दोन महिन्यांत चेहरा आधीपेक्षा लाल झालेला असतो. मी हे दीड वर्ष केलं. करपलेलं भांडं घासावं तसे गाल घासले. शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, त्यांनी भिंगातून मिनिटभर पाहिलं, मग माझ्याच हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, "यात एक तरी ब्लॅकहेड शोधून दाखवा."

एकही नव्हता.

त्या एका प्रश्नात निदानाचा मोठा भाग येतो. मुरूम सुरू होतो तो त्वचेचं छिद्र तेलाने आणि मृत पेशींनी बुजल्यामुळे. ते बूच म्हणजेच ब्लॅकहेड किंवा व्हाइटहेड. रोझेशियात असं बूच नसतं. पुळ्या असतात, कधी त्यात पूही असतो, पण त्या उठतात आधीच लाल, गरम आणि हुळहुळ्या झालेल्या कातडीवर. दोन्ही आजार एकाच चेहऱ्यावर नांदू शकतात हे खरं, पण नुसत्या लालसर पुळ्या आणि एकही काळा ठिपका नाही, असं चित्र असेल तर मुरुमांची औषधं आणण्याआधी थांबावं.

रोझेशिया हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, दीर्घकाळ चालणारा दाह आहे. गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला पट्टा ही त्याची जागा. जगभरातल्या प्रौढांपैकी साधारण ५ टक्के लोकांना तो असावा असा अंदाज आहे. बहुधा तिशीनंतर दिसतो. त्याचा संसर्ग होत नाही. त्यामुळे टॉवेल वेगळा ठेवा, जवळ येऊ नका, असले प्रकार निरर्थक आहेत. तो मुळापासून जात नाही, पण वर्षानुवर्षं दबून राहू शकतो.

सुरुवात बऱ्याचदा नुसत्या लाल होण्याने होते. उन्हातून आलात, गरम काही प्यायलात, कुणी काही बोललं, की चेहऱ्यावर झर्रकन ऊब चढते आणि अर्ध्या-एक तासात उतरते. काही महिन्यांनी ती पुरती उतरेनाशी होते. मग नाकपुड्यांच्या कडेला आणि गालांवर लाल कोळिष्टकासारख्या बारीक शिरा दिसायला लागतात. कुणाला पुळ्या येतात, कुणाला कधीच येत नाहीत. काहींच्या, विशेषतः पुरुषांच्या, नाकाची कातडी हळूहळू जाड आणि खडबडीत होत जाते. सगळ्यांना सगळं होत नाही आणि ठरलेल्या क्रमानेही होत नाही. २००२ साली तज्ज्ञांनी रोझेशियाचे चार प्रकार पाडले होते. पण खरे रुग्ण त्या चार खणांत नीट बसेनात, तेव्हा २०१७ मध्ये ती पद्धत बदलली. आता विचारतात ते एवढंच की या माणसाच्या चेहऱ्यावर नेमकं काय काय आहे. उपचारांच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा, त्याच्याकडे पुढे येतेच.

कातडीच्या आत काय चाललेलं असतं

आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे सूक्ष्म दरवाजे असतात. त्यांतला एक टीआरपीव्ही१ नावाचा. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे तो उघडतो आणि मेंदूला कळवतो, भाजतंय. गंमत अशी की मिरचीतलं कॅप्सायसिनही नेमका हाच दरवाजा उघडतं. म्हणून तिखट खाल्ल्यावर 'तोंडाची आग होते' हे आपलं बोलणं नुसती उपमा नाही. मज्जातंतूच्या लेखी चटका आणि मिरची एकच. हा दरवाजा १९९७ मध्ये शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. रोझेशिया असलेल्या त्वचेत ही यंत्रणा भलतीच हळवी झालेली असते. जरा ऊब लागली की ती रक्तवाहिन्यांना रुंद व्हायला सांगते. रक्त उसळतं, चेहरा तापतो.

दुसरा धागा रोगप्रतिकाराचा. जंतूंशी लढण्यासाठी त्वचा कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन तयार ठेवते. ते आधी निष्क्रिय असतं. एक विकर (एन्झाइम) त्याला कापतं, तेव्हा ते कामाला लागतं. अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड गॅलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिलं की रोझेशियाच्या त्वचेत हे प्रथिनही जास्त असतं आणि कापणारं विकरही. शिवाय कापणी नेहमीसारखी होत नाही, वेगळेच तुकडे पडतात. ते तुकडे उंदरांच्या त्वचेत टोचले, तर तिथेही लाली आणि दाह उमटला. थोडक्यात, चोर आलेला नसताना गल्लीभर शिट्या फुंकत फिरणारा हा पहारेकरी आहे.

तिसरा धागा ऐकून पुष्कळांना शिसारी येते. आपल्या सगळ्यांच्याच चेहऱ्यावर, केसांच्या मुळांशी, डेमोडेक्स नावाचे माइट म्हणजे सूक्ष्म किडे राहतात. लांबी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर. एरवी त्यांचा काही उपद्रव नसतो. रोझेशियाच्या त्वचेवर, विशेषतः पुळ्या असतील तर, ते नेहमीपेक्षा कितीतरी जास्त सापडतात. याचा चेहरा न धुण्याशी काहीही संबंध नाही, आणि जास्त धुतल्याने ते कमीही होत नाहीत.

घराण्याचा वाटाही आहेच. २०१५ साली जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आजाराच्या तीव्रतेतला निम्म्याच्या जवळपास वाटा आनुवंशिकतेचा निघाला. उरलेला ऊन, वय, सवयी वगैरेंचा. आई किंवा वडिलांचे गाल 'कायमच तांबूस' असायचे हे आठवत असेल तर डॉक्टरांना सांगा.

चहा-कॉफी सोडण्याआधी

रोझेशिया कशाकशाने उसळतो याच्या याद्या वाचल्या तर माणसाने खाणंपिणं, हसणं आणि घराबाहेर पडणंच सोडून द्यावं असं वाटतं. ऊन, उष्णता, वारा, कडाक्याची थंडी, गरम पाण्याची अंघोळ, तिखट, मद्य, व्यायाम, राग, लाज. या याद्या खोट्या नाहीत, पण त्या हजारो लोकांच्या तक्रारींची बेरीज आहेत. तुमच्या वाट्याला त्यातल्या दोन-चार गोष्टीच येतात.

कॉफीचं उदाहरण घ्या. कॅफीनमुळे चेहरा लाल होतो म्हणून कॉफी बंद करा, हा सल्ला जुना आहे. त्वचारोगतज्ज्ञ जोनाथन विल्किन यांनी १९८१ साली तो तपासून पाहिला. रुग्णांना गरम कॉफी दिली, तेवढंच गरम नुसतं पाणी दिलं, गार कॉफी दिली आणि नुसतं कॅफीनही दिलं. गरम कॉफीने चेहरे लाल झाले, गरम पाण्यानेही झाले. गार कॉफीने आणि कॅफीनने झाले नाहीत. दोष होता तो वाफाळण्याचा. पुढे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ८२,००० हून अधिक परिचारिकांच्या माहितीचा अभ्यास आला. त्यात रोज चार किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्या बायकांमध्ये रोझेशिया उलट कमी आढळला. म्हणून लगेच कॉफी वाढवू नका, पण कप ओठांना लावण्याआधी दहा मिनिटं टेबलावर ठेवून बघा. मी तेवढंच बदललं. पहिल्या आठवड्यात तो कोमट घोट अगदीच बेचव लागला, आता काही वाटत नाही.

सर्वांत उपयोगी पडते ती दोन-तीन आठवड्यांची साधी वही. चेहरा तापला की वेळ लिहायची, आणि आधीच्या तासा-दोन तासांत काय खाल्लं, कुठे होतो, चेहऱ्याला काय लावलं, कुणाशी वाजलं, ते एका ओळीत. एखादी गोष्ट तीनदा-चारदा वर आली तरच तिच्यावर संशय घ्या. एकदाच घडलेल्याला फाशी देऊ नका. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि नियासिनच्या (ब-३ जीवनसत्त्वाच्या) मोठ्या मात्रांनीही चेहरा लाल होतो, तेव्हा चालू औषधांची नावंही त्याच वहीत असू द्या. मात्र अशी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं.

व्यायाम सोडू नये. एका दमात तासभर करण्याऐवजी तुकडे पाडावेत, पंख्याखाली करावा, मध्ये गार पाणी प्यावं. रागाचं मात्र काही करता येत नाही. "का गं, चिडलीस का?" असं कुणी विचारलं की नसलेला रागही गालांवर चढतो, हे या आजाराचं खास वैशिष्ट्य.

मद्याबद्दल दोन शब्द. ते घेतल्याने अनेकांचा रोझेशिया उसळतो हे खरं, पण आयुष्यात थेंबही न घेतलेल्यांना तो होतोच होतो. लाल, फुगीर नाक म्हणजे दारुडा, हा शिक्का कित्येकांनी विनाकारण सोसला आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इटालियन चित्रकार गिर्लांदायोने १४९० च्या सुमारास रंगवलेलं आजोबा-नातवाचं चित्र आहे. आजोबांचं नाक गाठीगाठींनी सुजल्यासारखं. त्याला डॉक्टर रायनोफायमा म्हणतात, रोझेशियातच दिसणारा हा बदल. चित्रातला नातू त्या नाकाकडे बघत नाही, आजोबांच्या डोळ्यांत बघतो.

सावळ्या रंगावर लाली लपते

हा आजार गोऱ्यांचा, असं पुष्कळ पुस्तकांत सुचवलेलं असतं. गोऱ्या कातडीवर तो चटकन दिसतो एवढाच त्याचा खात्रीचा अर्थ. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर लाली तपकिरी-जांभळट छटेत मिसळून जाते, आणि निदान वर्षानुवर्षं लांबतं. अशा वेळी डोळ्यांपेक्षा स्पर्शावर विसंबावं. गालांना हात लावल्यावर ते मानेपेक्षा गरम लागतात का? साध्या क्रीमनेही चुणचुणतात का? स्वच्छ काचेचा ग्लास गालावर हलकेच दाबला, तर काचेखालचा रंग फिका पडून, काच उचलताच परत भरतो का? आणि चांगल्या उजेडात, गाल शांत असताना काढलेला एक फोटो तुलनेला असू द्या. ही घरगुती निरीक्षणं झाली, निदान नव्हे. पण दवाखान्यात सांगायला ती फार कामाची.

चेहऱ्याच्या मध्यावर लाली आणणारे दुसरे आजारही आहेत. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, गालांवर फुलपाखरासारखा चट्टा उमटतो, पण नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बहुतेक वेळा कोरी राहते. सोबत सांधे दुखणं, ताप, तोंडात फोड असं काही असेल तर रक्त तपासून घ्यायला हवं. नेमक्या त्याच घडीत तेलकट खपल्या धरत असतील, भुवयांत आणि डोक्यात कोंडा असेल, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याच्याच जातीचा त्वचेचा दाह, असू शकतो. चेहरा लाल होण्याबरोबर वारंवार जुलाब होणं किंवा छातीत धडधडणं असेल, तर तो विषय नुसत्या त्वचेचा नाही.

स्टेरॉइडचा सापळा

माझ्या दीड वर्षातला सगळ्यात वाईट तुकडा स्क्रबचा नव्हता. ओळखीतल्या एकीने "हे लाव, आठ दिवसांत चेहरा आरशासारखा होतो" म्हणून एक ट्यूब दिली. आठ नव्हे, चार दिवसांत झाला. लाली गायब, पुळ्या सपाट. ट्यूब संपली आणि पाचव्या दिवशी सकाळी जो चेहरा आरशात दिसला, त्यावरून बोट फिरवलं तरी डोळ्यांत पाणी येत होतं. म्हणून दुसरी ट्यूब आणली. सापळा म्हणतात तो हाच.

त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं आणि दाह दाबतं, म्हणून पहिले दिवस जादूचे. चालू ठेवलं की कातडी पातळ होते, शिरा कायमच्या रुंदावतात, बारीक लव वाढू शकते, आणि क्रीम थांबवताच सगळं दुपटीने उसळतं. ज्यांना मुळात रोझेशिया नव्हता त्यांनाही याने हुबेहूब तसाच त्रास होतो. चेहरा उजळवण्याच्या आणि नायट्याच्या मिश्र क्रीममध्ये स्टेरॉइड पुष्कळदा दडलेलं असतं. ट्यूबच्या मागच्या बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं, तर ती त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावायची नाही. महिनोन्‌महिने लावत असाल तर बंद करण्याआधी त्यांना भेटा. उतरणीचे आठवडे त्रासाचे असतात, आणि ते सोबतीने काढलेले बरे.

एका ट्यूबमध्ये सगळं मावत नाही

"औषध लावलं, पुळ्या गेल्या, पण लाल शिरा तशाच" ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. ते औषध पुळ्यांचं होतं, त्याने आपलं काम केलं. लाली, पुळ्या, शिरा, जाड झालेली कातडी आणि डोळे ही वेगवेगळी गाऱ्हाणी आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. हे समजून घेतलं नाही तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

पुळ्यांसाठी लावण्याच्या औषधांत मेट्रोनिडाझोल, अझेलेइक अ‍ॅसिड आणि आयव्हरमेक्टिन ही तीन मुख्य. १ टक्का आयव्हरमेक्टिनच्या क्रीमला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते माइटही मारतं आणि दाहही कमी करतं. कोणतंही असो, फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून ट्यूब फेकणारे, यात मीही आले, दर वेळी पहिल्या पायरीवर परततात.

पुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. यात एक रंजक गोष्ट आहे. रोझेशियासाठी ४० मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी मात्रा वापरतात. एवढ्याने जंतू मरत नाहीत, पण वर सांगितलेल्या कॅथेलिसिडिनची चुकीची कापणी मंदावते. म्हणजे अँटिबायोटिक हे इथे अँटिबायोटिक म्हणून दिलेलंच नसतं. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. गरोदरपणात ही गोळी टाळतात.

सततच्या लालीसाठी ब्रिमोनिडिनचं जेल किंवा ऑक्सिमेटाझोलिनचं क्रीम असतं. अर्ध्या-एक तासात रक्तवाहिन्या आकसतात, दिवसभर चेहरा फिका राहतो, संध्याकाळी परिणाम ओसरतो. काहींना ओसरताना लाली आधीपेक्षा जोरात येते, विशेषतः ब्रिमोनिडिनने. म्हणून महत्त्वाच्या समारंभाच्या दिवशी पहिल्यांदा लावून बघण्याचं धाडस करू नये. उघड दिसणाऱ्या शिरा कोणत्याही क्रीमने जात नाहीत. त्याला लेसर किंवा आयपीएल नावाचे तीव्र प्रकाशाचे झोत लागतात, तेही काही बैठका. सावळ्या त्वचेवर काळे डाग पडण्याचा धोका असतो, तेव्हा यंत्रापेक्षा ते चालवणाऱ्या हाताची चौकशी आधी करा. नाक जाड व्हायला नुकती सुरुवात असेल तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचा उपयोग होतो. तीही गरोदरपणात पूर्ण वर्ज्य. आकार बदलून गेला असेल तर जादा कातडी लेसरने किंवा शस्त्रक्रियेने उतरवतात.

रोजच्या निगेत मात्र कमी करावं तेवढं चांगलं. सौम्य, कमी फेसाचा क्लीन्झर, बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बस. पाणी कोमट, धुवायला फक्त बोटं, पुसायला मऊ कापड, तेही टिपून. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा अधिक. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं असलं तर बहुधा कमी चुणचुणतं. मेंथॉल, कापूर, निलगिरी आणि अल्कोहोल असलेल्या वस्तू बाद. त्या 'गार' लागतात, पण तो गारवा म्हणजे मज्जातंतूंना काढलेला चिमटा आहे. नवीन वस्तू आधी कानामागे किंवा मानेच्या कडेला तीन-चार दिवस लावून बघावी. आणि औषध धुतल्या-धुतल्या ओल्या चेहऱ्यावर न लावता दहा-पंधरा मिनिटांनी लावलं तर कमी झोंबतं.

डोळ्यांकडे सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं, कोरडेपणा, पापण्यांच्या कडा लाल आणि खपलीदार होणं, पुन्हा पुन्हा रांजणवाडी येणं, हे सगळं रोझेशियाचं असू शकतं, आणि कधी कधी ते त्वचेच्या आधीच सुरू होतं. चेहऱ्याला उष्णता नको, पण पापण्यांना उबदार ओल्या कापडाचा हलका शेक चालतो, नव्हे उपयोगी पडतो, कारण त्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतात. डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल, तर शेक देत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. बुबुळाला इजा होऊ शकते.

चेहरा स्वच्छ झाल्यावर औषध एकदम सोडलं तर बहुतेकांचा रोझेशिया परततो, म्हणून डॉक्टर आठवड्यातून काही दिवस ते चालू ठेवायला सांगतात. आणि भेटीला जाताना वहीबरोबर मोबाइलमधले भर उसळीतले दोन फोटो घेऊन जा. थंडगार खोलीत अर्धा तास बसून नंबर लागेपर्यंत गाल अगदी शहाण्यासारखे वागत असतात.